१ जानेवारी १९८५ पूर्वीचा समुद्र

जगातील सर्व ‘घोषित’ रासायनिक शस्त्रसाठे नष्ट झाल्याचे हेगच्या रासायनिक शस्त्र प्रतिबंधक संघटनेने जुलै २०२३ मध्ये जाहीर केले. आकडा होता ७२,३०४ मेट्रिक टन. या संघटनेला २०१३ चे शांततेचे नोबेल मिळाले होते आणि तिच्या कामाबद्दल मला आदरच आहे. तरीही त्या निवेदनातले ‘घोषित’ हे विशेषण मला पुढे वाचू देईना. बातमी कानोकानी जाते तेव्हा विशेषणे आधी गळतात, म्हणून मूळ करारच काढून बसलो.

१९९३ चा रासायनिक शस्त्र करार कायदेपंडितांनी कायदेपंडितांसाठी लिहिला आहे. मी वकील नाही. अवघड कविता वाचावी तसा, एकेका क्रियापदाशी थांबत तो वाचला. तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात एक सवलत आहे. स्वतःच्या भूमीत १ जानेवारी १९७७ पूर्वी पुरलेली आणि अजूनही पुरलेलीच असलेली, किंवा १ जानेवारी १९८५ पूर्वी समुद्रात टाकलेली शस्त्रे जाहीर करायची की नाही, ते त्या त्या राष्ट्राच्या मर्जीवर सोडले आहे. चौथ्या कलमात नष्ट करण्याच्या बंधनालाही हीच सूट आहे.

आता या वाक्याचे दोन भाग शेजारी ठेवून पाहा. जमिनीतल्या शस्त्रांना ‘अजूनही पुरलेलीच’ अशी अट आहे. उकरून निघाली की सूट संपली. समुद्रातल्या शस्त्रांना तशी अट नाही. ती टाकली होती, एवढे पुरे; पुढे त्यांचे काय होते, हे वाक्य विचारत नाही. मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, शब्दांवर बोट ठेवून वाचले तर समुद्राला येथे शेवट मानले आहे. जमिनीतले वर येऊ शकते, समुद्रातले येत नाही, ही ती समजूत.

ही समजूत खरी नाही, हे करारावर सह्या होण्यापूर्वीच माहीत होते. १९४७-४८ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली जर्मनीचा रासायनिक दारूगोळा बाल्टिक समुद्रात, मुख्यतः डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाच्या पूर्वेला बुडवण्यात आला. हेल्सिंकी आयोगाच्या अंदाजाने बाल्टिकमध्ये असा दारूगोळा सुमारे ४०,००० टन आहे आणि त्यातले प्रत्यक्ष विष १३ ते १५ हजार टन. काही माल ठरलेली जागा येण्याआधी वाटेतच लोटून दिला गेला. लाकडी खोक्यांतला काही तर तरंगत किनाऱ्यालाही लागला. १९५५ साली पोलंडच्या दार्वुव्को येथे सुट्टीच्या शिबिराला आलेल्या मुलांना किनाऱ्यावर एक गंजलेले पिंप सापडले. त्यात मस्टर्ड होते. शंभराहून अधिक मुलांना इजा झाली.

मस्टर्डला आपण ‘वायू’ म्हणतो, ते नाव फसवे आहे. मुळात ते तेलकट द्रव आहे आणि साधारण १४ अंश सेल्सिअसखाली गोठते. बाल्टिकचा तळ याहून थंड असतो. पाण्याशी संयोग होऊन मस्टर्डचे विघटन होते हे खरे, पण युद्धात ते अंगाला चिकटून राहावे म्हणून दाट केलेले असे. अशा दाट मस्टर्डच्या गोळ्यावर पाण्यात कवच धरते आणि आतला गाभा दशकानुदशके तसाच राहतो. मग तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यात तो मातीच्या ढेकळासारखा येतो आणि डेकच्या उबेत मऊ होऊ लागतो. जानेवारी १९९७ मध्ये पोलंडच्या एका मासेमारी नौकेवरचे खलाशी असेच भाजले. आर्सेनिक असलेल्या क्लार्क आणि अॅडमसाइटची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांचे रेणू तुटतात, पण आर्सेनिक हे मूलद्रव्य. ते तुटून तुटणार कशात? ते गाळातच राहते.

करारकर्त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. गंजलेले गोळे वर काढताना फुटू शकतात, आणि पसरलेले विष तळाशी पडलेल्या विषाहून वाईट. शिवाय सगळा समुद्र उपसायची अट घातली असती तर किती राष्ट्रांनी सही केली असती? हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण ते गोळे वर काढण्याविरुद्धचे मुद्दे आहेत. टाकले कुठे, किती आणि काय, हे लिहून देण्याविरुद्ध त्यांत एक अक्षर नाही. करारातल्या सवलतीने मात्र वर काढणे आणि नोंद देणे एकाच दोरीने बांधून दोन्ही बुडवले. माझी तक्रार या गाठीबद्दल आहे.

भारताचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. १९९७ मध्ये आपण १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर तो नष्ट केला. तो टनाटनाने मोजला गेला. बाल्टिकच्या तळाशी अंदाजाने याच्या बारापटीहून अधिक विष आहे आणि ७२,३०४ च्या बेरजेत त्याला जागा नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या बोफर्ट्स डाइक या खोल दरीत ब्रिटनने फॉसजीन भरलेली रॉकेटे टाकली. अमेरिकेने १९६४ ते १९७० या काळात जुन्या जहाजांवर दारूगोळा चढवून, त्यातल्या काहींवर रासायनिकही, ती जहाजे समुद्रात बुडवली. हे सारे १९८५ च्या अलीकडे नाही, पलीकडे आहे.

डिसेंबर २०१० मध्ये लिथुआनियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावर ठराव केला. पुढे काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हा पुन्हा आला. त्याचा भर आहे माहितीच्या स्वेच्छेने होणाऱ्या देवाणघेवाणीवर. म्हणजे करारातली ‘मर्जी’ इथे ‘स्वेच्छा’ होऊन आली, फक्त सूर आर्जवाचा झाला.

डेन्मार्कची व्यवस्था या दोन्हींपेक्षा साधी आहे. जाळ्यात रासायनिक दारूगोळा आला आणि कोळ्याने तो कळवला, तर दूषित झालेली मासळी नष्ट केली जाते आणि तिची भरपाई सरकार देते.