अर्ज भरणारा आणि अर्ज आखणारा

2004 च्या सुमारास मी एका सहकारी पतसंस्थेत कारकून होतो. गाव साताऱ्याच्या बाजूचे. सभासद बहुतेक छोटे शेतकरी आणि बाजारपेठेतले गाळेवाले. त्या वर्षी कर्जमागणीचा अर्ज नव्याने छापायचा ठरले आणि मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. जुन्या अर्जात 'कर्जसुरक्षा विमा हवा आहे / नको' अशी एक ओळ होती. बहुतेक जण ती कोरीच सोडत. व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून नव्या अर्जात 'हवा आहे' समोरच्या चौकटीत मी बरोबरची खूण छापूनच घेतली. ज्याला नको असेल त्याने ती खोडावी. खूण खोडलेला अर्ज माझ्या टेबलावर क्वचितच आला. विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतून आधीच वळता होई.

भाजीचा गाळा चालवणाऱ्या एक बाई एकदा विचारायला आल्या, हातात पैसे कमी कसे पडले? मी त्या खुणेवर बोट ठेवले. त्या म्हणाल्या, "छापलंय म्हंजे ते असतंयच की, भाऊ. आम्ही कसं खोडायचं?" मी काही बोललो नाही. पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

काही वर्षांनी रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचे 'नज' हे 2008 सालचे पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. जे शिकलो ते नोकरीतून आणि अशा वाचनातून. 'नज' म्हणजे कोपराने हलकेच ढोसणे. सक्ती नाही, बंदी नाही, पैशाचे आमिष नाही. फक्त पर्याय अशा रीतीने मांडायचे की माणूस आपसूक हिताच्या बाजूला वळेल. यातले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे डिफॉल्ट, म्हणजेच माणसाने काहीच सांगितले नाही तर लागू होणारा पर्याय. मी पुस्तक मिटून ठेवले. ज्याला नाव आहे हेही ठाऊक नसताना मी ते करून बसलो होतो, आणि कोणाच्या हितासाठी, हे मला चांगले ठाऊक होते.

तेव्हापासून वर्तनाच्या अर्थशास्त्रावरचे जे मिळेल ते वाचत आलो. या लेखात मला त्या शास्त्राविषयी एक तक्रार मांडायची आहे. ती शास्त्राच्या शोधांविषयी कमी, आणि ते शोध आपण कोणाकडे तोंड करून वाचतो याविषयी जास्त आहे.

डॅनियल कानेमान यांना 2002 मध्ये आणि थेलर यांना 2017 मध्ये नोबेल मिळाले. कानेमान यांचे 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' 2011 मध्ये आले आणि विमानतळावरच्या दुकानांपासून व्यवस्थापनाच्या वर्गांपर्यंत पोहोचले. पण पोहोचले ते एका यादीच्या रूपात: माणूस नफ्याच्या सुखापेक्षा तोट्याला जास्त भितो, आज आणि उद्या यांत आजलाच झुकते माप देतो, पहिल्यांदा ऐकलेल्या आकड्याला चिकटून बसतो. प्रशिक्षणवर्गात ही यादी पडद्यावर झळकते आणि समोरचे हसून माना डोलावतात. निष्कर्ष ठरलेला: माणूस चुकतो, त्याला वळवा. हा 'माणूस' नेहमी खिडकीच्या पलीकडचा असतो. ग्राहक, कर्जदार, कामगार, लाभार्थी. खिडकीच्या अलीकडे बसून अर्ज आखणारा या यादीत कुठे दिसत नाही.

मूळ संशोधन मात्र असे एकतर्फी नाही. उरी गनीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. इस्रायलमधल्या हैफा शहरातील 10 पाळणाघरे. आईवडील मुलांना न्यायला उशिरा येत. 20 आठवड्यांच्या त्या प्रयोगात पाचव्या आठवड्यापासून 6 पाळणाघरांत उशिरासाठी 10 शेकेल दंड सुरू केला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. ही गोष्ट सहसा 'पालक कसे विचित्र वागतात' म्हणून सांगितली जाते. मला ती पाळणाघराच्या चालकांची गोष्ट वाटते. आधी उशीर म्हणजे एका शिक्षिकेला ताटकळत ठेवणे होते. चालकांनीच त्याला भाव लावला, आणि पालकांनी तो भाव मोजला. पालकांनी नियम नीट वाचला. नियम करणाऱ्यांनी मात्र आपण काय लिहिले आहे ते वाचले नव्हते.

डिफॉल्टचेही तेच. मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले, की आधीच ठरवून ठेवलेला पर्याय लोकांना सूचनेसारखा वाटतो. ज्याने तो ठेवला त्याची ती शिफारस असणार असे ते धरून चालतात. म्हणजे भाजीवाल्या बाईंचा तर्क चुकीचा नव्हता. 'छापलंय म्हंजे असतंयच' हे आळसाचे किंवा अडाणीपणाचे वाक्य नाही, संस्थेवर टाकलेल्या विश्वासाचे आहे. तो विश्वास आम्ही हप्त्यात वळता करून घेतला.

याची दुसरी, उजळ बाजूही सांगितली पाहिजे. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका अमेरिकन कारखान्यात 1998 पासून राबवलेली बचतीची योजना मला आजही या शास्त्राचा कळस वाटते. कामगाराने आज काहीच कापून द्यायचे नाही; पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला काही हिस्सा बचतीत जाईल एवढेच आज कबूल करायचे. हवे तेव्हा बाहेर पडता येईल. ज्यांना विचारले त्यांतले 78 टक्के सामील झाले आणि 40 महिन्यांत सामील झालेल्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. इथे ज्यांनी योजना आखली त्यांनी कामगाराच्या जागी बसून पाहिले होते.

पण याच काळात ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी अशा एका कंपनीचा अभ्यास केला, जिथे नव्या कामगारांना निवृत्तीच्या योजनेत आपोआप सामील केले जाई. सामील होणारे खूप वाढले. पण कंपनीने सुरुवातीचा दर 3 टक्के ठेवला होता, आणि बरेच जण तिथेच थांबले. एरवी ज्यांनी जास्त बाजूला टाकले असते असेही काही. 3 चा आकडा कामगारांनी निवडला नव्हता. एक साधन, दोन ठिकाणी, दोन परिणाम. फरक साधनात नाही. ते आखणाऱ्याने किती विचार केला, यात आहे.

मग आखणाऱ्याची परीक्षा कोण घेतो? या प्रश्नाला शास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातच एक खजील करणारे उत्तर आहे. 2012 मध्ये पाच संशोधकांचा एक निबंध गाजला: अर्जातली माहिती खरी असल्याची सही शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली, तर लोक कमी खोटे लिहितात. पुरावा म्हणून एका विमा कंपनीच्या ग्राहकांनी नोंदवलेले मोटारींचे मैल दिले होते. सरकारी कचेऱ्यांनाही ही युक्ती पटली. 2020 मध्ये त्याच संशोधकांना मोठ्या प्रयोगात तो परिणाम पुन्हा सापडला नाही. 2021 मध्ये इतरांनी मूळ आकडे तपासले, तेव्हा त्यांत धाव शून्यापासून 50,000 मैलांपर्यंत सारखी पसरलेली आणि तिथे एकदम तुटलेली दिसली. खऱ्या मोटारी अशा धावत नाहीत. आकडे बनावट होते. त्याच वर्षी निबंध मागे घेण्यात आला. अर्ज भरणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मोजायला निघालेला निबंध स्वतःच्या आकड्यांपाशी अडकला.

एका निबंधावरून सगळे शास्त्र मोडीत काढू नये. म्हणून मोठा हिशेब पाहू. स्टेफानो देल्लाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी 2022 मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या 'नज' पथकांचे 126 प्रयोग एकत्र केले. त्यांत 2 कोटी 30 लाख लोक होते. विद्वत्पत्रिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम 8.7 टक्केबिंदूंचा होता. या पथकांच्या सगळ्या, छापलेल्या आणि न छापलेल्या, प्रयोगांत 1.4 टक्केबिंदूंचा. परिणाम आहे, पण लहान. पत्र पाठवण्याच्या खर्चात तेवढा मिळाला तरी तो घ्यावा. मात्र त्याच्या भरवशावर मोठे काम टाळू नये. हीच टीका निक चॅटर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोघांनी त्याच वर्षी केली. दोघेही याच शास्त्रातले. व्यक्तीला सुधारण्याच्या नादात व्यवस्था सुधारायची राहून गेली, असे ते म्हणतात.

आपल्याकडचा ऊस या वादाच्या मध्यभागी आणून ठेवतो. सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफीर आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या 54 गावांतल्या 464 ऊसउत्पादक शेतकऱ्यांच्या बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्या तोडणीआधी आणि तोडणीनंतर घेतल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पैसे हातात आल्यावर त्याच शेतकऱ्याची कामगिरी सुधारते. टंचाईविषयीचे पुढचे सगळे प्रयोग इतके भक्कम निघाले नाहीत, हे नोंदवलेच पाहिजे. तरी प्रश्न योग्य दिशेने वळतो. चूक शेतकऱ्याच्या स्वभावात शोधायची, की त्याच्या खिशात पैसे केव्हा येतात यात? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. थकलेल्या बिलांसाठी दर हंगामात होणारी आंदोलने आपण पाहतो. अशा शेतकऱ्याला काटकसरीचे धडे देणे सोपे. बिल वेळेवर देणे अवघड. पण परिणाम कशाचा मोठा होईल, हे सांगायला प्रयोग लागू नये.

थेलर आणि सनस्टीन यांचे एक म्हणणे मला खोडता येत नाही. कोरा, तटस्थ अर्ज असा नसतोच. कोणती ओळ आधी, कोणती नंतर, हे कोणीतरी ठरवतेच. त्यांनी एक कसोटीही दिली आहे: जे उघडपणे समर्थन करून सांगता येणार नाही, ते करू नये. भारत सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या 13 युक्त्यांची यादी जाहीर केली. न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणे ही त्यांतली एक. ते नियम डिजिटल मंचांसाठी आहेत. खिडकीवरच्या कागदी अर्जाला मात्र आखणाऱ्याच्या सदसद्विवेकाशिवाय दुसरा राखणदार सापडत नाही.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत पतसंस्थेचे संचालक असतात, शाळेच्या समितीवरचे असतात, वाचनालयाचे आणि गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस असतात. पुढच्या वेळी मानवी चुकांची यादी हाती आली, तर ती आधी आपण लिहिलेल्या नियमावर लावून पाहावी. नवा अर्ज छापण्याआधी तो एका सभासदाला भरायला द्यावा, शेजारी बसावे आणि त्याचे बोट कुठे थांबते ते पाहावे. छापलेली प्रत्येक खूण त्याला तोंडाने वाचून दाखवावी, 'हे नाही घेतले तरी चालेल' या शब्दांसकट.

आमचा तो अर्ज नंतर बदलला, पण मी नोकरी सोडल्यावर. एक कोरी प्रत माझ्याजवळ आहे. हा लेख लिहिताना ती समोर ठेवली होती. चौकटीतली खूण नीट, ठसठशीत आहे. छापखान्यात मुद्रित तपासताना ती पुसट आली म्हणून मीच गडद करून घेतली होती.