मोडलेला माग आणि स्थलांतराची समीक्षा

मराठी समीक्षेत ‘स्थलांतर’ हा शब्द आला की दोन चित्रे ठरलेली असतात. एक, गाव सुटल्यामुळे शहरात व्याकूळ झालेल्या पांढरपेशाचे. दुसरे, परदेशी स्थायिक होऊन मायभूमीसाठी झुरणाऱ्या सुशिक्षिताचे. ज्यांचे गाव होते त्यांचीच ही व्याकुळता आहे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, तो गाव सोडतो तेव्हा काय घडते? दलित साहित्याच्या समीक्षेनेही हा प्रश्न अर्धाच विचारला आहे. झोपडपट्टीतील जीवन आपण तपासले. माणसाला तिथवर कोणत्या शक्तींनी लोटले, हे तपासायचे राहून गेले.

मी वर्धा जिल्ह्यात शिकवतो, म्हणून इथलाच दाखला घेतो. 1861 साली अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले. निग्रो गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. साम्राज्याची नजर आमच्या काळ्या मातीकडे अधिकच वळली. हिंगणघाटचा कापूस नामांकित होताच. 1867 मध्ये लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोचला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने त्याच दशकात वऱ्हाडासंबंधी आपला हिशेब स्पष्ट मांडला होता : रेल्वेने विलायती कापड येईल, देशी कापड त्यापुढे टिकणार नाही, इथेच खपणारा कापूस निर्यातीला मिळेल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीसाठी मोकळे होतील.

हे हात कोणाचे होते? नागपूर-वर्धा भागात तलम लुगडी-धोतरे कोष्टी विणत आणि जाडेभरडे कापड महार विणत. गावकीच्या कामापलीकडे महाराच्या घरात स्वतःच्या हुन्नरावर चार पैसे आणणारी वस्तू म्हणजे माग. साम्राज्याने नेमका त्यावर घाव घातला. विणकर मजूर झाला आणि रेल्वेचे रूळ धरून गिरणीकडे निघाला. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव येथेही भोंगे वाजू लागले.

पण गिरणीतही जातीने आपली जागा सोडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ज्या समाजाची माणसे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या कापड विणत आली, त्याच समाजाला मुंबईत विणण्याची बंदी! भांडवलाने माग मोडला, ब्राह्मण्याने नवा माग हाती लागू दिला नाही. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून.

या दृष्टीने बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा पुन्हा वाचावी. तिची चर्चा जातीची कथा म्हणून झाली, ते योग्यच. पण नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात गेला आहे, इकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिले नाही. ज्या आगगाडीने माणसांना गावकीतून बाहेर काढले, तिच्याच नोकरीत त्याला जात लपवावी लागते. वसंत मून यांच्या ‘वस्ती’तील नागपूरही रेल्वेने आणि गिरण्यांनी घडवलेल्या शहराचा इतिहास म्हणून वाचता येते.

इथे दोन भ्रम टाळले पाहिजेत. पहिला वर्ध्याचाच. 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. 1938 मध्ये वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले. हातमागाच्या नाशाचे त्यांचे दुःख खरे होते. पण विणकराला जात होती, आणि ‘खेड्याकडे चला’ म्हणताना खेड्यातील त्याची जागा महारवाडाच राहणार होती. म्हणूनच 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत आपल्या लोकांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. दुसरा भ्रम आपला : रेल्वे आणि गिरणीने आपल्याला मुक्त केले. रोख मजुरी, शाळा, संघटना हे शहरात मिळाले, हे मी नाकारत नाही. आमच्या घरातील पहिली पदवी मी शहरातच घेतली. परंतु साम्राज्याने माग हेतुपुरस्सर मोडला. गावकीची दावण सैल झाली ती ओघाने. तिचा मुक्तीसाठी उपयोग आपल्या चळवळीने केला.

आपण निग्रो साहित्याशी नाते सांगतो, ‘पँथर’ हे नावही तिकडून घेतले. ते नाते केवळ वेदनेच्या साम्याचे नाही. 1834 पासून गुलामांच्या जागी करारबद्ध हिंदी मजूर मॉरिशसच्या उसात राबू लागले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. अमेरिकेतील गुलामांच्या कापसाची जागा भरायला आमची शेते जुंपली गेली. हे सारे एकाच बाजाराने बांधलेले आहेत.

तेव्हा विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे : आपल्या वस्तीतील म्हाताऱ्यांकडून कोणाच्या घरी माग होता, तो कधी बंद पडला, घरचे कुठे गेले, हे लिहून घ्यावे. ही माहिती हाती नसेल, तर आपली समीक्षा झोपडपट्टीचे वर्णन करील, तिची कारणे सांगू शकणार नाही.