सासूसकट

माझा लेख सगळ्यांना आवडावा म्हणून छापायला देण्याआधी मी तो शाखेतल्या टेबलाटेबलांवर फिरवतो. मॅनेजरसाहेब सासूचा विनोद काढायला लावतात (सध्या त्यांच्या सासूबाई मुक्कामाला आहेत), हेडकॅशियर राजकारण खोडतात. मग जे उरतं त्यावर कुणाचीच तक्रार नसते. कुणी वाचतही नाही म्हणा!

अशात अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' हाती आली. १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' काढून हा गृहस्थ मराठीत पुढचं पुस्तक देतो ते थेट २००३ साली. एवढ्या मुदतीची ठेव आमची बँकसुद्धा घेत नाही! बरं, इतक्या वर्षांनी वाचकाला खूश करावं, तर पुस्तक जाडजूड आणि विषय बायकांचे अश्रू. अलेक्झांड्रियाची हिपेशिया, तमिळ कण्णगी, राबिया... बी.कॉम.ला यांतली एकही नव्हती. कवी ओळखही करून देत बसत नाही. साध्या बोलीत सरळ सुरू होतो. आधी रागच आला. शंभरेक पानांनंतर लक्षात आलं, की हा माणूस आपल्याला पटवत नाहीये, म्हणून तर आपण उठलो नाही. काही कविता लांबल्यात, हे मात्र मी कुणालाही सांगेन.

हेडकॅशियरांनी पुस्तक चार पानांत परत केलं. मग शिपाईमामांनी नेलं, त्याला दोन महिने झाले. मागितलं की म्हणतात, "थांबा साहेब, कण्णगीपाशी आहे."

पुढचा लेख त्यांनाच दाखवणार आहे. सासूसकट.