केसपेपर आणि साखळी

माझ्या भाचीच्या केसपेपरवर चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी ‘मॅनिप्युलेटिव्ह’ असा शब्द लिहिला. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात त्याचे मराठी रूप वापरात होते : “नाटकं करते.” हे वाक्य मी स्वतः निदान दोनदा उच्चारले आहे, त्यातले एकदा तिच्या देखत. पात्राच्या कृतीचा परिणाम म्हणजे त्याचा हेतू नव्हे, हे वाङ्मयाचा शिक्षक म्हणून मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. घरात मात्र तो भेद सोयीस्करपणे विसरलो. तिच्या आजाराला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात हे कळल्यावर सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळलो. त्यांतली तीन या लेखाचा विषय आहेत. (भाचीने लेख वाचला आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त केला आहे.)

आधी नावाबद्दल. १९३८ साली न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी काही रुग्णांना ‘सीमेवरचे’ म्हटले. मज्जाविकृती आणि चित्तविकृती या दोन ठरलेल्या खणांपैकी कुठल्याच खणात ते नीट बसत नव्हते. म्हणजे ही सीमा रुग्णाच्या मनातली नव्हती, वैद्यकाच्या कपाटातली होती. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघाच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या आजाराला अधिकृत जागा मिळाली. आज तिथे नऊ लक्षणे दिली आहेत : कोणी सोडून जाईल याची असह्य भीती, माणसाला आज देव मानणे आणि उद्या वैरी, आपण कोण आहोत याचा सतत ढळणारा अंदाज, आवेगी वागणे, स्वतःला इजा, भावनांचे झपाट्याने बदलणे, रितेपणा, अनावर राग आणि ताणाच्या वेळी येणारा तात्पुरता संशय किंवा तुटलेपण. यांतली कोणतीही पाच असली की निदान होते. हिशेब केला तर पाच किंवा अधिक लक्षणांच्या २५६ जुळण्या होतात, आणि एकच नाव मिळालेल्या दोन व्यक्तींत एकच लक्षण समान असू शकते. एवढ्या ढिल्या नावाला माणसे इतकी घट्ट कशी चिकटवली जातात, हा प्रश्न मला तिथेच पडला.

सुसाना केसन यांचे ‘गर्ल, इंटरप्टेड’ १९९३ साली आले. १९६७ मध्ये, अठराव्या वर्षी, पूर्वी कधी न भेटलेल्या एका डॉक्टरांशी थोडा वेळ बोलणे झाले आणि त्यांना टॅक्सीत बसवून बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात पाठवण्यात आले. तिथे त्या पावणेदोन वर्षांच्या आसपास राहिल्या. पुढे वकिलाच्या मदतीने त्यांनी स्वतःची फाइल मिळवली आणि तिची पाने जशीच्या तशी पुस्तकात छापली. ही या पुस्तकाची सर्वांत मोठी खेळी आहे. टंकलिखित नोंदीचे एक पान येते आणि त्यानंतर केसन यांचे दोन-तीन पानांचे, चाकूसारखे प्रकरण. डॉक्टरांशी भेट वीस मिनिटांची होती की डॉक्टर म्हणतात तशी तीन तासांची, यावर त्या कागदांवरच्या वेळा जुळवत उलटतपासणी करतात आणि कोणावर विश्वास ठेवायचा ते वाचकाला ठरवायला लावतात. शेवटाकडे त्या निदानपुस्तिकेतला मजकूर आधी पूर्ण देतात आणि पुढच्या प्रकरणात त्यावर टीपा लिहितात. हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो, या पुस्तिकेच्या विधानावरची त्यांची टीप प्रत्येक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावी. मुलीच्या ज्या वागण्याला लक्षण म्हटले जाते ते मुलगा करतो तेव्हा कोण मोजते, असा तिचा रोख आहे.

तरीही या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. फाइलशी भांडताना केसन यांना फाइलचेच नियम पाळावे लागतात. खटला उभा राहतो तो ‘मी आजारी होते की नव्हते’ यावर. मनगट खुर्चीवर आपटत राहणारी मुलगी त्या लपवत नाहीत. त्या वेदनेचे वर्णन प्रामाणिक आहे. पण तिला कशाने बरे वाटले असते, हा प्रश्न पुस्तकात फारसा येतच नाही. उपचार म्हणजे दर थोड्या मिनिटांनी दार उघडून बघणारी परिचारिका. १९९९ च्या चित्रपटाने तर खटलाही सोडला आणि बंडखोर लिसाला मध्यभागी आणले. अँजेलिना जोली यांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, आणि अस्वस्थ मुलीला एक आकर्षक साचाही मिळाला.

दुसरे पुस्तकही १९९३ चेच, पण ते कोणी झोपताना वाचणार नाही. सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी थेरपिस्टांसाठी लिहिलेला हा जाडजूड ग्रंथ आहे. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही उपचारपद्धती त्यात मांडली आहे. ‘द्वंद्वात्मक’ म्हटले की मराठी वाचकाला मार्क्स आठवतो. इथले द्वंद्व घरगुती आहे : तू आहेस तशी समजण्याजोगी आहेस, आणि तुला बदलावे लागेल; दोन्ही एकाच वेळी खरे. जन्मतः भावना तीव्र आणि उशिरा शमणाऱ्या, त्यात ‘एवढं काय झालं रडायला’ म्हणणारे भोवताल, या दोहोंच्या दीर्घ घर्षणातून आजार घडतो असे लिनेहन मानतात. उपचार साधारण वर्षभराचा. आठवड्याला एकदा थेरपिस्टची भेट, एकदा गटात कौशल्यांचा वर्ग, मधल्या काळात अडचणीला फोन आणि थेरपिस्टांचीही आपसांत नियमित बैठक. कारण त्यांनाही सांभाळावे लागते. ‘मॅनिप्युलेटिव्ह’ या शब्दाविरुद्ध या ग्रंथात सरळ युक्तिवाद आहे. रुग्णाच्या कृतीने आपण हललो, एवढ्यावरून ती आपल्याला हलवण्यासाठीच केली होती असे सिद्ध होत नाही. माझाच वर्गातला धडा मला तिथे छापील भेटला.

त्यातले ‘साखळी-विश्लेषण’ मला समीक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्वतःला इजा किंवा तशी एखादी घटना घडली की रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून तिच्या मागे कडीकडीने जातात. भाचीच्या परवानगीने एक साखळी देतो. आदल्या रात्री झोप नव्हती. दुपारी जेवण राहिले. संध्याकाळी मैत्रिणीला संदेश पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. छातीत दाब. ‘ती मला सोडणार’ हा विचार, आणि दोन मिनिटांत तो विचार न राहता बातमी होणे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “फोन ठेव की जरा.” मग दार आपटले. यातल्या कोणत्या कडीच्या जागी दुसरी बसवता आली असती, हे पुढचे काम : कधी जेवण, कधी थंड पाण्यात चेहरा, कधी मैत्रिणीला साधा प्रश्न.

ती साखळी मला दाखवली गेली तेव्हा लक्षात आले, की आमची गोष्ट नेहमी दार आपटण्यापासून सुरू होत असे. केसपेपरचीही तिथूनच. कथन कुठून सुरू करायचे हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती दोषही असतो; आम्ही कादंबऱ्यांबद्दल हे बोलतो.

तिसरे पुस्तक हे लिनेहन यांचे आत्मचरित्र, ‘बिल्डिंग अ लाइफ वर्थ लिव्हिंग’ (२०२०). १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’मध्ये दाखल झाल्या होत्या आणि तिथे दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. एकांतकोठडी, औषधे, विजेचे झटके, आणि निदान स्किझोफ्रेनियाचे. २०११ मध्ये त्याच संस्थेत उभे राहून त्यांनी हे प्रथमच जाहीर सांगितले. पुस्तक म्हणून ते असमान आहे. रुग्णालयातल्या काळाची स्मृती बव्हंशी पुसली गेल्याने त्यांना तो इतरांकडून गोळा करावा लागतो, आणि तो तुटक भागच मला अधिक खरा वाटला. नंतरच्या यशाच्या प्रकरणांत एक गुळगुळीतपणा येतो. लेखिका म्हणून केसन कितीतरी वरच्या. पण केसन मला न्यायाधीश करतात, लिनेहन विचारतात : मग पुढे काय?

लिनेहन यांच्या भक्तांना मात्र एक गोष्ट सांगायला हवी. २००९ मध्ये टोरांटोच्या शेली मॅकमेन आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांवर वर्षभर तुलना केली, तेव्हा ही थेरपी आणि नीट आखलेले सामान्य मनोवैद्यकीय उपचार यांत लक्षणीय फरक दिसला नाही. बेटमन आणि फोनागी यांची वेगळी पद्धतही गुण देते. औषधे सोबतच्या नैराश्यावर वगैरे उपयोगी पडतात. खास या आजारासाठी ती वापरू नयेत असे ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शिकेने सांगितले. म्हणजे गुण बहुधा एका ब्रँडचा नसावा. सातत्याने, न चिडता, कडी शोधत बसणाऱ्या माणसाचा असावा. असा माणूस आपल्याकडे मिळवणे हीच मोठी अडचण. भाचीला तो दुसऱ्या शहरात मिळाला, पडद्यावरून भेटतो, आणि त्याची फी तिच्या आईच्या पगारात टोचते.

आणि हा आजार कायमचा असतो हा समज? तो मॅक्लीननेच मोडला. तिथल्या मेरी झनारिनी यांनी २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणे किमान दोन वर्षे इतकी ओसरली की निदान लागू राहिले नाही. नोकरी-शिक्षण आणि नात्यांसह पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच होते. हे दोन्ही आकडे मी शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत.

केसन यांना फाइलसाठी वकील लागला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ ने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. भाचीने गेल्या मार्चमध्ये अर्ज केला. दोन खेपा घालाव्या लागल्या, पण छायाप्रती मिळाल्या. तो शब्द तिने आम्हा सर्वांना दाखवला. मी खोडून टाक म्हणालो. तिने तो तसाच ठेवला आणि समोरच्या समासात शिसपेन्सिलीने तारीख घालून लिहिले : “त्या दिवशी दुपारी जेवले नव्हते.”