ट्रॉलीतला भयानक रस

मागच्या वेळी आपण करुणरसाकडे पाहिलं. दुःख बघायला माणसं तिकीट काढून का जातात, हा आपला प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाचं धाकटं भावंड घेऊ. माणसं भीती विकत का घेतात? आणि घेतात ती नक्की कुणासाठी? उदाहरण मात्र नाट्यगृहातलं नाही. ते शेतातलं आहे, आणि शेतही अमेरिकेतलं. या मालिकेचे बरेच श्रोते तिकडेच राहतात, त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

ऑक्टोबरात, म्हणजे ३१ तारखेच्या हॅलोवीनच्या आधीचे तीन-चार आठवडे, तिकडचे कित्येक शेतकरी आपल्या शेतावर 'हॉन्टेड हेराइड' चालवतात. ट्रॅक्टरमागे एक लांब, उघडी गाडी जोडलेली असते. तिला आपण ट्रॉलीच म्हणू, कारण आपल्याकडे उसाची असते तीच ती. तिच्यात बसायला चौकोनी गठ्ठे रचलेले. नाव गवताचं, पण बहुतेक ठिकाणी ते गव्हाचं काड असतं. गवत महाग, ते गुरांना लागतं. काडावर माणसं बसवली तरी चालतात. (हशा) तर अशा गाडीतून अंधारात मक्याच्या शेतातून, झाडीतून फिरायचं, आणि वाटेत ठिकठिकाणी भुतं, चेटकिणी, मुंडकं नसलेला घोडेस्वार असे लोक अंगावर येणार. मुंडकं नसलेला स्वार हा वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या १८२० मधल्या 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो' या कथेतला. हडसन नदीकाठचा हा गृहस्थ दोनशे वर्षं झाली तरी निवृत्त झालेला नाही.

या करमणुकीचा इतिहास आपल्या विषयाला लागू आहे, म्हणून दोन मिनिटं घेतो. हॅलोवीन पूर्वी अमेरिकेत पोरांच्या टारगटपणाची रात्र होती. फाटकं उपटून न्यायची, गाड्या छपरावर चढवायच्या, खिडक्यांना साबण फासायचा. १९३० च्या दशकात मंदी आली, टारगटपणाला धार चढली, आणि गावोगावच्या शहाण्या लोकांनी उपाय काढला: पोरांना आत घ्या, तळघरात अंधार करा, आणि त्यांनाच घाबरवा. भुताटकीची घरं आली ती अशी. पुढे १९६९ साली डिस्नीलँडचा 'हॉन्टेड मॅन्शन' उघडला, सत्तरच्या दशकात जेसीजसारख्या संस्था देणग्या गोळा करायला असली घरं उभारू लागल्या, आणि मग धंदाच उभा राहिला. यातली मेख लक्षात घ्या. मूळच्या खेळात मूल भूत होतं आणि मोठी माणसं घाबरणारी होती. उपायात मोठी माणसं भूत झाली आणि मूल प्रेक्षक झालं. दारोदार फिरून खाऊ मागायची चाल आजही आहे. तिथे मुखवटा मुलाकडेच असतो. हेराइडमध्ये तो काढून घेतलेला आहे.

आम्ही उभयता मुलीकडे पेनसिल्व्हेनियात होतो, तेव्हा एका शेतावर गेलो. शेताचं नाव सांगायची गरज नाही. अशी शेतं पुष्कळ आहेत. फलकावर लिहिलं होतं, कुटुंबासाठी, सर्व वयांसाठी. टीका करायची तर आम्ही त्या फलकावर करणार आहोत. भुतांवर आमचा राग नाही, ती बिचारी महाविद्यालयातली मुलं होती, थंडीत उभी.

गाडीत आमच्यासोबत नात होती अकरा वर्षांची, नातू पाच वर्षांचा, मुलगी, जावई, आणि आणखी वीसेक माणसं. नातू सांगाड्याच्या वेषात. म्हणजे भूत भुतं बघायला निघालं होतं. पहिल्या वळणावर स्मशान, धूर, थडग्यातून उठणारा हात. दुसऱ्यावर चेटकिणीची कढई. मग बुजगावण्यांची रांग, आणि त्यातलं एक एकदम चालायला लागतं. हे चांगलं जमलं होतं. पुढे मात्र खाटिकखाना, आणि त्यातून यांत्रिक करवत घेतलेला माणूस धावत गाडीला येऊन चिकटला. अशा करवतींची साखळी काढून ठेवलेली असते, पण आवाज पूर्ण असतो. नातू ओरडला नाही. गप्प झाला. आमच्या स्वेटरची बाही मुठीत धरली आणि म्हणाला, "आजोबा, त्याला सांगा ना आता पुरे." नात म्हणाली, "अरे, त्याचे बूट बघ, धावायचे बूट आहेत." आणि गाडीतल्या मोठ्या माणसांनी काय केलं? फोन वर केले. करवतवाल्याचं चित्रण फार थोड्यांनी केलं. बहुतेकांनी आपापल्या मुलांचे चेहरे टिपले.

आता अभिनवगुप्ताकडे जाऊ. भयानकाचं उदाहरण देताना त्याने 'शाकुंतला'तला पळणारा हरिण घेतलाय. दुष्यंताच्या बाणाला भिऊन पळणारं ते हरिण आपण पाहतो तेव्हा भीती तर प्रतीत होते, पण ती माझी नसते, शत्रूची नसते, मित्राची नसते, तिऱ्हाइताचीही नसते. स्थळकाळाचे खुंटे सुटतात आणि भीती निखळ उरते. साधारणीकरण म्हणतात ते हेच. हे घडू न देणारी सात विघ्नंही त्याने सांगितली आहेत. त्यातली दोन त्या ट्रॉलीत शेजारीशेजारी बसली होती. नातीचं विघ्न पहिलं: समोरचं शक्यच वाटत नाही. खाटकाच्या पायात धावायचे बूट दिसले की रस गळून पडतो. नातवाचं विघ्न म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. भीती त्याचीच होती, त्या क्षणाची, त्या जागेची. ती रस नव्हतीच, ते साधं लौकिक भय होतं, अंधारात कुत्रं अंगावर आलं तर होतं तसलं.

आणि मोठ्यांचं? त्यांना विघ्न नव्हतं, त्यांना रस मिळत होता, पण भयानक नव्हे, हास्य. घाबरलेलं मूल हे त्यांचं नाटक होतं. म्हणजे फलक म्हणतो सगळ्या कुटुंबासाठी एक खेळ, आणि प्रत्यक्षात एकाच गाडीत तीन खेळ चालू असतात, त्यातल्या एकाचा कच्चा माल पाच वर्षांचं मूल आहे. हे आम्हाला खटकलं, आणि खटकलं ते नीतीच्या आधी सौंदर्यशास्त्राच्या अंगाने खटकलं.

इथे कुणी म्हणेल, सर, मूल शिकतं की, हे खोटं असतं ते. भरताने भयानकाचे तीन प्रकार केले आहेत, त्यातला एक व्याजाचा, म्हणजे बतावणीचा. बापानं खोटं किंचाळायचं, आईने "बाई गं!" म्हणून डोळे झाकायचे, आणि मुलाने त्यांना हसायचं. ही बतावणी फार चांगली गोष्ट आहे, घरोघरी चालते, पांघरुणाखालचा वाघ आपण सगळेच झालोय. पण ती कधी चालते? मुलाला मध्येच "बास" म्हणता येतं तेव्हा. बाप पांघरूण बाजूला करतो आणि वाघ संपतो.

केंडल वॉल्टन यांचा १९७८ चा एक प्रसिद्ध लेख आहे. त्यातला चार्ल्स नावाचा प्रेक्षक चित्रपटात हिरवा चिखल आपल्याकडे सरपटत येताना पाहतो, छाती धडधडते, हात आवळले जातात. वॉल्टन म्हणतात, तो खरा घाबरलेला नाही, कारण तो उठून पळत नाही, पोलिसांना बोलावत नाही. तो भिण्याचा खेळ खेळतोय. या लेखावर पन्नासेक वर्षं वाद चालू आहे, त्यात आज शिरत नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला त्या गाडीत बसवलं की वॉल्टन यांची कसोटीच लटकते. तो पळत नाही याचं कारण असं की त्याला पळता येत नाही. गाडी चालती आहे, कठडा उंच आहे, उतरू नका अशी सूचना सुरुवातीलाच झालेली आहे. पळाला नाही म्हणून घाबरला नाही, असं म्हणणार?

आता कोकणातल्या श्रोत्यांनी मनात एक चित्र आणावं. शिमग्यात संकासूर येतो. काळा पोशाख, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोराचा आसूड. पोरं त्याला किती भितात ते सांगायला नको. पण तो दिसला की पळतात, वळणावर थांबतात, वळून बघतात, त्याला चिडवतात, तो मागे लागला की पुन्हा पळतात. दिवसभर हेच. भीती आणि मूल यांच्यात किती अंतर ठेवायचं ते मुलाचे पाय ठरवतात. कुणी आईच्या पदरामागून बघेल, कुणी चार हातांवरून. मोठ्या माणसाला जे अंतर मनात करता येतं ते मुलाला अंगणात करावं लागतं. संकासुराला सौंदर्यशास्त्र माहीत नाही, पण त्याच्या खेळात ते आहे. ट्रॉलीत नाही. तिकडे काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून चमकणारी माळ देतात, ती गळ्यात घातली की भुतं त्या मुलाजवळ येत नाहीत. कल्पना बरी आहे, पण काही ठिकाणी तिचेही पैसे पडतात, म्हणजे आधी भीतीचं तिकीट आणि मग न भिण्याचं.

सुरक्षित हा शब्दही इथे जपून वापरायला हवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये मेन राज्यात अशाच एका रात्रीच्या फेरीत गाडी उतारावर अनावर होऊन झाडावर आदळली. सतरा वर्षांची एक मुलगी गेली, वीसहून अधिक माणसं जखमी झाली. खोट्या भुतांची तालीम रोज होते. ब्रेकची तपासणी कोण, कधी करतो हे तिकीट काढणाऱ्याने विचारायला हरकत नसावी. "भिऊ नको, हे खोटं आहे" असं आपण मुलाला सांगतो तेव्हा त्या वाक्याची अर्धी हमी ब्रेकवर असते.

एवढं बोलल्यावर, त्या फेरीत काहीच नव्हतं असं म्हटलं तर अन्याय होईल. होतं. खाटिकखाना मागे पडल्यावर ट्रॅक्टर थांबला. पुढची गाडी अजून वाटेत होती म्हणून चालकाने इंजिन बंद केलं, दिवाही घालवला. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच वाळलेला मका. वारा आला की पानं कागदासारखी वाजत. कुणी आलं नाही, काही झालं नाही. दोन-तीन मिनिटं असतील. फोन हळूहळू खाली गेले, कारण टिपायला काही नव्हतंच. नातीने बूट शोधणं सोडलं. नातू, तोच नातू, बाही सोडून गठ्ठ्यावर उभा राहिला आणि मक्यात बघू लागला, आणि कुजबुजत म्हणाला, "आजोबा, आत कोणीतरी आहे का?" त्याच्या आवाजात भीती होती, पण आता ती त्याच्या मालकीची नव्हती, आम्हा सगळ्यांचीच होती, आणि कुणाचीच नव्हती. एडमंड बर्क यांनी १७५७ च्या आपल्या ग्रंथात म्हटलंय की भयाला अस्पष्टता लागते. पुरतं दिसलं की बरीचशी भीती ओसरते. त्या फेरीतला एकमेव रससिद्ध प्रवेश वाहतूक अडल्यामुळे घडला.

म्हणून 'कुटुंबासाठी' म्हणून भीतीची मात्रा निम्मी करायची, रक्त कमी, दात कमी, हा हिशेबच आम्हाला चुकीचा वाटतो. पातळ केलेला खाटिक पाच वर्षांच्या मुलाला तरी खाटिकच असतो, आणि अकरा वर्षांच्या मुलीला नुसते बूट. अंतर कोण ठरवणार, एवढंच बदलायला हवं. गाडी चार ठिकाणी थांबवा. ज्याला उतरायचं त्याला उतरू द्या, हातात कंदील द्या, मक्याच्या कडेपर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन परत येऊ द्या. शेवटच्या वळणावर मुलांनाच मक्यात लपू द्या आणि मागून येणाऱ्या गाडीतल्या बापांना घाबरवू द्या. फेरी संपल्यावर खळ्याशी सफरचंदाचा गरम रस आणि डोनट मिळतात, तिथे करवतवाला मुखवटा काढून उभा होता. नातवाने दुरूनच, जावयाच्या पायामागून, त्याच्याकडे पाच मिनिटं निरखून पाहिलं. मग सांगाड्याचे हात वर करून त्याच्यावर जोरात ओरडला. तो मुलगाही शहाणा निघाला. दचकून दोन पावलं मागे सरला.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर होता.