देणगीच्या आवाहनात कोण नसतं?

माझ्या फोनवर जे मराठी गद्य येतं, त्यात कथा-कवितांपेक्षा देणगीची आवाहनंच जास्त असतात. गणपतीत येतात, दिवाळीत येतात आणि मार्च महिन्यात तर करसवलतीच्या आठवणीसकट रोज येतात. तुमच्याही फोनवर येत असणार. चार परिच्छेद, एक फोटो, खाली क्यूआर कोड. आपण ती वाचतो, कधी दोनशे-पाचशे रुपये पाठवतो, बहुतेकदा पुढे ढकलतो. पण त्यांना कुणी ‘लेखन’ मानत नाही, त्यामुळे त्यांची समीक्षाही होत नाही. कादंबरीतल्या एका पात्रावर अन्याय झाला तर आपण तावातावाने लिहितो. इथे खऱ्या माणसांना पात्रं केलेलं असतं, त्यावर मात्र चकार शब्द नाही.

मी एका छोट्या संस्थेचे वार्षिक अहवाल लिहिते, म्हणून ही आवाहनं जरा जवळून वाचते. त्यांचा साचा ठरलेला आहे. एक नाव, एक वय, एक दुःख. मग संस्थेचा प्रवेश. मग हसरा फोटो. शेवटी ‘तुमच्या मदतीशिवाय हे शक्य नाही’. आटोपशीर रचना आहे, आणि ती काम करते हेही मान्य करायला हवं.

ती का काम करते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या तीन अभ्यासकांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत काही लोकांना एक प्रश्नावली भरण्याचे पाच डॉलर दिले आणि मग त्यातले काही दान कराल का, असं विचारलं. एका गटाला आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दिली. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. दुसऱ्या गटाला मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांनी २.३८ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला रोकियाची गोष्टही सांगितली आणि आकडेही दिले. खरं तर यांनी सगळ्यांत जास्त द्यायला हवं होतं. त्यांनी दिले १.४३.

म्हणजे गोष्टीशेजारी आकडे ठेवले की गोष्टीची धार बोथट होते. निधी उभारणाऱ्यांनी यातून सोपा धडा घेतला: एकच चेहरा दाखवा, बाकीचं गाळा. आजच्या मराठी आवाहनांचा साचा याच धड्यावर बेतलेला दिसतो. प्रश्न असा की, जे गाळलं जातं त्यात काय काय असतं?

आधी त्या चेहऱ्याचंच बघू. एक नमुना घेऊ. तो मीच जुळवला आहे, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल. ‘नऊ वर्षांच्या एका मुलीला वडील नाहीत. तिला शाळा सोडावी लागली. संस्थेने तिला वह्या-पुस्तकं दिली. आज तिला डॉक्टर व्हायचं आहे.’ आता शाळेत शिकलेलं व्याकरण आठवा. प्रत्येक वाक्यात ती मुलगी ‘ला’ प्रत्यय लावून येते. तिला नाहीत, तिला सोडावी लागली, तिला दिली, तिला व्हायचं आहे. जुन्या व्याकरणात या चतुर्थीचं नाव संप्रदान, म्हणजे ज्याला द्यायचं तो. चार वाक्यांत जिथे कुणी काही करतं, तिथे कर्ता आहे संस्था. मुलगी कुठेच काही करत नाही. ती सकाळी पाणी भरत असेल, धाकट्या भावाला सांभाळत असेल, वर्गात मास्तरांना अडचणीचे प्रश्न विचारत असेल. पण ही क्रियापदं आवाहनाला परवडत नाहीत, कारण जी स्वतः काही करते ती ‘गरजू’ कमी दिसते.

मला या प्रकारावर घ्यायचा पहिला आक्षेप हा आहे. आवाहन खोटं बोलतं असं माझं म्हणणं नाही. वडील खरंच वारलेले असतात, शाळा खरंच सुटलेली असते. पण माणसाची ओळख त्याच्या जखमेपासून सुरू करायची आणि आभारापाशी संपवायची, यात त्या माणसाचं बरंच काही कापलं जातं. आणि हे आता छापील पत्रकासारखं रद्दीत जात नाही. दहा वर्षांनी तिच्या कॉलेजातलं कुणी तिचं नाव शोधेल, तेव्हा तो फोटो आणि त्याखालच्या ओळी तिथेच असतील. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. पण कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या मुलामुलींचं काय, मोठ्या माणसांचं काय? ज्या संस्थेकडून फी मिळते त्या संस्थेने फोटो मागितला, तर ‘नको’ म्हणणं किती जणांना जमेल?

आवाहनात दुसरं कुणी नसतं, ते म्हणजे तिथे काम करणारी माणसं. ‘तुमच्या देणगीतला प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत’ हे वाक्य तुम्ही वाचलंच असेल. ऐकायला छान आहे. पण रुपया स्वतःच्या पायांनी चालत मुलांपर्यंत जात नाही. कुणीतरी पाड्यावर जातं, त्याच्या दुचाकीत पेट्रोल लागतं. कुणीतरी हिशेब लिहितं. ताळेबंद तपासून घ्यायचा, विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करायचा, देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायची. तुम्हाला करसवलतीची पावती वेळेत मिळते, कारण ती बनवणारा माणूस पगारावर असतो.

हे सगळं ‘प्रशासकीय खर्च’ नावाच्या एका ओळीत जातं, आणि ती ओळ जितकी लहान तितकी संस्था चांगली, असं आपण धरून चालतो. अॅन गोगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ साली या दुष्टचक्राला उपासमारीचं चक्र म्हटलं. देणगीदार अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा करतात. संस्था ती पुरी करायला खर्च कापतात आणि अहवालात तो आणखी कमी दाखवतात. ते आकडे पाहून देणगीदारांची अपेक्षा आणखी आवळते. आपल्याकडे ही समजूत कायद्यातही उतरली आहे. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आली. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने आपल्याला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं. मोठ्या संस्थेमार्फत गावपातळीवरच्या छोट्या संस्थेपर्यंत पैसा जाण्याची एक वाट त्यामुळे मिटली.

अमेरिकन लेखक डॅन पॅलोटा यांचं २०१३ मधलं टेड भाषण या विषयावर हमखास पाठवलं जातं. धंद्यात ज्या गोष्टींची मुभा असते, म्हणजे चांगले पगार, जाहिरात, जोखीम, ती सेवाभावी संस्थांनाही हवी, असा त्यांचा मुद्दा. त्यातलं अर्धं मला पटतं. पण ते भाषण जसंच्या तसं इथे आणून चालत नाही. त्यांचा भर मोठ्या पदावरच्या, हुशार माणसांना बाजारभावाने पगार देण्यावर आहे. आपल्याकडच्या छोट्या संस्थेतला पेच वेगळाच असतो. प्रकल्पाचा निधी ३१ मार्चला संपतो, पुढचा मंजूर व्हायला जून-जुलै उजाडतो. मधल्या महिन्यांत बँकेत पैसे असले तरी ते शौचालयांसाठी किंवा टॅब्लेटसाठी म्हणून आलेले असतात, पगाराला वापरता येत नाहीत. त्या तीन महिन्यांत गावात जाणारी ताई काय खाते, याचं उत्तर कुठल्याच आवाहनात नसतं.

खरं तर त्याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, आणि ते गौरवाने सांगितलं जातं: त्याग. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही विकलं, हे आपण शाळेत ऐकलं आहे. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण संस्था चालवणाऱ्याच्या नजरेने वाचलं तर ही खेळत्या भांडवलाच्या टंचाईची गोष्ट आहे. जेवणाचा खर्च रोजचा आणि देणगी मात्र अधूनमधून येणारी. मधली खिंड एका बाईने स्वतःच्या अंगावरचं सोनं मोडून भरली. तिचं मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही. पण ही गोष्ट सांगून आपण पुढच्या प्रत्येक पिढीला सुचवत राहतो की खिंड अशीच भरायची असते.

महर्षी कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आणि बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ ही दोन पुस्तकं म्हणूनच जोडीने वाचायला हवीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, पुढे तो हिंगण्याला गेला. प्राध्यापकी करून कर्वे रोज हिंगणे ते पुणे पायपीट करत, सुट्ट्यांत वर्गणीसाठी हिंडत. त्यांच्या आठवणी हिशेबी आणि संयत आहेत, आणि निधी कसा उभा राहतो याचं मराठीतलं ते एक उत्तम लेखन आहे. ‘माझे पुराण’मध्ये त्याच वर्षांचं स्वयंपाकघर दिसतं. नवऱ्याची मिळकत आश्रमाकडे वळते तेव्हा घरात काय ओढाताण होते, हे बाया अगदी मोकळेपणाने, प्रसंगी फटकळपणे सांगतात. एका पुस्तकात जमा आहे आणि दुसऱ्यात नावे. मराठी वाचकाने पहिल्याला चरित्रग्रंथाचा मान दिला आणि दुसरं मागे राहिलं. आजच्या आवाहनातही फक्त जमेचीच बाजू असते, ती सवय इतकी जुनी आहे.

तिसरी अनुपस्थिती देणाऱ्याची. कुणाचा पैसा येतो आणि त्याबरोबर काय येतं, हे आवाहन सांगत नाही. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले. त्या काळात ही रक्कम अवाढव्य होती. त्याबरोबर अटीही आल्या, आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. विद्यापीठ आजही उभं आहे, त्या अर्थी सौदा वाईट म्हणता येत नाही. पण तो सौदा होता, हे विसरू नये. दुसऱ्या टोकाला अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड बघा. माणशी एक पैसा गोळा करत त्यांनी जो निधी उभारला, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. पैसा पैसा देणाऱ्या हजारोंपैकी कुणीच कारखान्यावर नाव मागू शकत नव्हतं.

आज पहिल्या टोकाला कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी खर्चावी लागते. या पैशाने पुष्कळ कामं झाली. पण त्याची एक भाषाही आली: ‘लाभार्थी’, ‘इम्पॅक्ट’, ‘आउटपुट’. किती टॅब्लेट वाटले ते मोजता येतं. दारू सोडलेल्या माणसाशी दर आठवड्याला अर्धा तास बोलत बसणं मोजायला अवघड, म्हणून ते प्रस्तावातून गळतं आणि हळूहळू कामातूनही गळतं. दुसऱ्या टोकाला तुमच्या-माझ्या हातातला क्यूआर कोड आहे, म्हणजे पैसा फंडाचाच नवा अवतार. अटी न घालणारा पैसा तिथूनच येऊ शकतो. म्हणून तर आपल्यासमोर येणारं आवाहन नीट लिहिलेलं असणं इतकं महत्त्वाचं आहे. आपणही एका हसऱ्या फोटोचीच मागणी करत राहिलो, तर आपली अट कंपनीच्या अटीपेक्षा फार वेगळी राहत नाही.

मग चांगलं आवाहन कसं असतं? ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात ‘सर्व कार्येषु सर्वदा’ या उपक्रमात संस्थांची ओळख करून देतो, तिथे निदान लांबीची सोय असते. संस्था कशी सुरू झाली, काय करते, पैसे कशाला हवेत हे सांगायला जागा मिळते. फोनच्या पडद्यावर तेवढी जागा नाही, हे खरं. पण चार परिच्छेदांतही काही गोष्टी करता येतात. त्या मुलीला एका तरी वाक्यात कर्ता करा. तिचं नाव-गाव-फोटो खरंच लागतो का, हे तिला विचारा, आणि तिने नाही म्हटलं तरी तिची फी थांबणार नाही हे तिला आधी सांगा. काम करणाऱ्या माणसाचं काम लिहा. आणि यंदा काय जमलं नाही, ते एका ओळीत सांगा. रोकियाच्या प्रयोगाप्रमाणे पाहिलं तर अशा आवाहनाला पैसे कदाचित कमी येतील. पण त्या प्रयोगातल्या माणसांना एकदाच द्यायचं होतं. संस्थेला तोच देणगीदार पुढच्या वर्षीही हवा असतो, आणि दुसऱ्या वर्षी देणारा माणूस फोटो आठवून देत नाही, विश्वास टिकला म्हणून देतो.

वाचक म्हणून आपल्यालाही थोडं करता येईल. पुढच्या वेळी पाचशे रुपये पाठवताना संस्थेला एक ओळ लिहून बघा: हे पैसे पगाराला वापरलेत तरी चालतील. लिहायला अर्धा मिनिट लागतं. बाकीचं आवाहन कसं लिहायचं ते संस्था हळूहळू शिकतील, पण अशी ओळ लिहिणारे वाचक आहेत हे आधी त्यांना कळायला हवं.