अथेन्सच्या साथीचं निदान: तीन दात आणि एक घाईचा निष्कर्ष

'अथेन्समधली ती प्रसिद्ध साथ टायफॉइडची होती, हे डीएनए चाचणीतून सिद्ध झालं आहे.' हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असण्याची शक्यता बरीच आहे. प्राचीन ग्रीसवरच्या लेखांत, माहितीपटांत, क्विझच्या उत्तरांत ते इतक्या सहजपणे येतं की त्यावर कुणी थांबत नाही. मला मात्र या वाक्यातल्या 'सिद्ध' या शब्दाशी भांडायचं आहे. ज्या शोधनिबंधावर हे वाक्य उभं आहे, तो २००६ सालचा. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात त्याला उत्तरही छापून आलं. गंमत म्हणजे निबंध सगळीकडे पोचला आणि उत्तर कुठेच पोचलं नाही.

आधी नावाचं बघू. इंग्रजीत या साथीला जे म्हणतात त्याचं आपल्याकडे सरळ 'अथेन्सचा प्लेग' होतं आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच उंदीर, गाठी आणि पुण्यातले रँडसाहेब उभे राहतात. थ्युसिडिडीज, म्हणजे ज्याच्यामुळे आपल्याला ही साथ माहीत आहे तो इतिहासकार, साधा 'नोसोस' (आजार) किंवा 'लोइमोस' (रोगाची साथ) असा शब्द वापरतो. त्यात जंतू कुठला याबद्दल काहीही नाही. म्हणून मी इथे 'साथ'च म्हणणार आहे. निदान करायला निघालो असताना नावातच निदान घालून ठेवणं बरं नाही.

आता घटना. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात पेलोपोनीशियन युद्ध सुरू झालं. पेरिक्लीजचा बेत असा की जमिनीवर स्पार्टाशी लढायचंच नाही. खेड्यापाड्यांतल्या लोकांना शहराच्या तटाआत आणि बंदरापर्यंत जाणाऱ्या लांब भिंतींच्या आत घ्यायचं आणि आरमाराच्या जोरावर तग धरायचा. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, त्या दाटीवाटीच्या, कोंदट झोपड्यांत साथ शिरली. सुरुवात पिरेयस बंदरात झाली. शत्रूने विहिरींत विष टाकलं अशी अफवाही लगेच उठली. पुढच्या वर्षी, ४२९ मध्ये, खुद्द पेरिक्लीज गेला. मध्ये थोडी ओसरून साथ ४२७ च्या हिवाळ्यात पुन्हा उसळली.

किती माणसं गेली? थ्युसिडिडीज जड पायदळाचे ४,४०० आणि घोडदळाचे ३०० असा आकडा देतो आणि बाकीच्यांची गणती नाही म्हणतो. युद्धाच्या सुरुवातीला अथेन्सकडे मैदानात उतरणारं जड पायदळ १३,००० आणि घोडदळ १,२०० होतं असं त्यानेच आधी सांगितलंय. गुणोत्तर तुम्हीच काढा: पायदळाचा एक तृतीयांश आणि घोडदळाचा एक चतुर्थांश. पोटिडियाच्या वेढ्यासाठी गेलेल्या ४,००० च्या तुकडीतले १,०५० जण तर साधारण चाळीस दिवसांतच गेले.

लक्षणांचं वर्णन त्याने इतक्या बारकाईने केलंय की वाचताना अंगावर काटा येतो. अचानक डोकं तापतं, डोळे लाल होतात, घसा आणि जीभ रक्ताळते, श्वासाला घाण येते. मग शिंका, घोगरा आवाज, जोराचा खोकला, पित्ताच्या उलट्या. अंगाला हात लावला तर फार गरम नाही, पण आत अशी आग की अंगावर कापड सहन होत नाही. कातडी लालसर, काळपट, त्यावर बारीक फोड आणि व्रण. न भागणारी तहान, झोप नाही. बहुतेक जण सातव्या किंवा नवव्या दिवशी मरतात. त्यातून वाचलेले पुढे जुलाबांनी खंगतात. काहींची हातापायांची बोटं गेली, काहींचे डोळे, काहींची स्मृती. त्याला स्वतःला हा आजार झाला होता आणि तो वाचला. कारणांची चर्चा मी करणार नाही, ती वैद्यांनी आणि इतरांनी आपापल्या परीने करावी; पुन्हा कधी हे आलं तर ओळखता यावं म्हणून मी फक्त लक्षणं लिहितो, अशी त्याची भूमिका आहे.

आणि मग अडीच हजार वर्षांनी आपण नेमकी तीच चर्चा करत बसलो, जी त्याने टाळली होती.

१९९४-९५ मध्ये अथेन्सच्या मेट्रोच्या कामात, केरामेइकोस या प्राचीन स्मशानभूमीजवळ, एक सामूहिक दफन सापडलं. उत्खनन एफी बाझिओटोपुलू-वालावानी यांनी केलं. किमान १५० मृतदेह, तेही घाईघाईने टाकलेले. वरच्या थरात तर कसलीच मांडणी नाही. सोबतच्या मोजक्या मातीच्या भांड्यांवरून काळ साथीच्याच वर्षांचा ठरतो. ग्रीकांना अंत्यविधी किती महत्त्वाचे होते हे ज्याने 'अँटिगनी' वाचलंय त्याला सांगायला नको. साथीत लोक दुसऱ्याच्या रचलेल्या चितेवर आपलं प्रेत टाकून पळत, असं थ्युसिडिडीज लिहितो. त्या वर्णनाला ही कबर चांगलीच जुळते. इथपर्यंत माझं काहीही म्हणणं नाही.

मानोलिस पापाग्रिगोराकिस आणि सहकाऱ्यांनी या कबरीतल्या तीन व्यक्तींचे दात घेतले. दाताच्या आतली दंतमज्जा रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. मृत्यूच्या वेळी रक्तात जंतू असतील तर ते तिथे अडकून राहू शकतात, आणि बाहेरचं कवच टणक असल्यामुळे टिकूही शकतात. कल्पना छानच आहे. मग त्यांनी पीसीआरने एकेक संशयित तपासला: प्लेग, टायफस, अँथ्रॅक्स, क्षय, गायीची देवी आणि मांजराच्या ओरखड्यातून होणारा ताप. सगळीकडे नकार. सातवा संशयित टायफॉइडचा जंतू, तिथे होकार.

(एक सूचना: टायफस आणि टायफॉइड हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. पहिला उवांमधून पसरतो, दुसरा दूषित अन्नपाण्यातून. दोन्ही नावांचं मूळ मात्र एकच ग्रीक शब्द, धूर किंवा गुंगी या अर्थाचा. या विषयावरच्या निम्म्या लेखांत यांची अदलाबदल झालेली असते.)

अडचण होकारात आहे. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणं. ज्याने हे काम रोज केलंय त्याला माहीत असतं की पट्टी उमटणं हा पुरावा नाही, पुराव्याची सुरुवात आहे. जमिनीत अडीच हजार वर्षं पडलेल्या दातात मातीतले असंख्य जिवाणू शिरलेले असतात आणि त्यातले बहुतेक आजवर कुणी नोंदवलेलेही नसतात. तुमचा प्रायमर त्यांच्यातल्याच कुणाला तरी चिकटला तर? म्हणून मिळालेल्या तुकड्याचा क्रम वाचायचा आणि तो नक्की कुणाचा हे बघायचं. अथेन्सच्या नमुन्यातला एका जनुकाचा क्रम टायफॉइडच्या जंतूशी सुमारे ९३ टक्के जुळला.

परीक्षेत ९३ टक्के म्हणजे पेढे वाटायचे. इथे तसं नाही. टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, हा आश्चर्यकारकरीत्या एकसारखा आहे. जगभरातले त्याचे नमुने एकमेकांपासून फारच थोडे वेगळे असतात. त्याचा चुलतभाऊ साल्मोनेला टायफिम्युरियमसुद्धा त्याच्याशी यापेक्षा जास्त जुळतो. बेथ शापिरो, अँड्र्यू रॅम्बॉट आणि थॉमस गिल्बर्ट यांनी उत्तरात नेमकं हेच दाखवलं. त्यांनी या क्रमांचा वंशवृक्ष काढला, तर टायफी आणि टायफिम्युरियम एका फांदीवर शेजारी बसले आणि अथेन्सचा नमुना त्या फांदीच्या बाहेर. म्हणजे तो साल्मोनेलाचा कुणी दूरचा नातेवाईक असेल किंवा मातीतला एखादा अनामिक जिवाणू, पण टायफी नाही. घरातल्या दोघा भावांपेक्षा जो वेगळा दिसतो, त्याला त्यातल्याच एकाचा जुळा म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे.

लक्षणंही बघा. टायफॉइड, म्हणजे आपला विषमज्वर, हळूहळू चढतो, आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, आणि उपचार नसतील तर मृत्यू बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. थ्युसिडिडीजची माणसं धडधाकट असताना अचानक आजारी पडतात आणि सातव्या-नवव्या दिवशी जातात. यावर जंतू त्या काळी वेगळा वागत असेल, असं म्हणता येतं. येतं खरं, पण मग कुठलं लक्षण न जुळल्यावर तुम्ही टायफॉइड नव्हता असं मान्य करणार? जुळलं तर पुरावा आणि न जुळलं तर उत्क्रांती, असा नियम असेल तर कुठलाही आजार पास होईल.

मूळ निबंधाच्या शीर्षकात 'संभाव्य' असा शब्द होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो बातम्यांत गळला. त्यात पुढे याच कबरीतल्या साधारण अकरा वर्षांच्या मुलीच्या कवटीवरून तिचा चेहरा घडवला गेला, तिला 'मिर्टिस' नाव दिलं गेलं आणि प्रदर्शनांतून ती जगभर पोचली. फार देखणं, हेलावून टाकणारं काम आहे ते. पण त्या चेहऱ्यासोबत टायफॉइडचं निदानही फिरतं, आणि एकदा का आजाराला लहान मुलीचा चेहरा मिळाला की वंशवृक्षाची आकृती कोण बघतो?

आजाराचं नाव शोधण्याचा हा खेळ तसा जुना आहे. १९५३ मध्ये डेनिस पेज यांनी ग्रीक शब्दांचा कीस पाडून गोवर म्हटलं. देवी म्हणणारे त्या 'बारीक फोड' या एका शब्दावर सगळा डोलारा उभा करतात; पण गेलेली बोटं आणि डोळे नोंदवणारा लेखक चेहऱ्यावरचे देवीचे व्रण कसा विसरेल, याचं उत्तर देत नाहीत. १९८५ मध्ये साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगमुर आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लुएन्झा आणि त्यावर टॉक्सिक शॉक अशी जोडगोळी सुचवली. टॉक्सिक शॉकने अमेरिकेत घबराट उडवून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. १९९५ मध्ये झाईरच्या किकविटमध्ये इबोला पसरला आणि १९९६ मध्ये अथेन्सची साथ इबोलाची होती का, असा निबंध आला. हे सगळे लोक मूर्ख नव्हते. पण प्रत्येकाला थ्युसिडिडीजमध्ये आपल्याच काळाची भीती दिसली, हे खरं.

आणि हे त्याने आधीच ओळखलं होतं! साथीच्या दिवसांत लोकांना एक जुनी भविष्यवाणी आठवली: डोरियन लोकांशी युद्ध होईल आणि सोबत 'लोइमोस' येईल. वाद असा की मूळ शब्द 'लोइमोस' (साथ) की 'लिमोस' (दुष्काळ)? त्या वेळी अर्थातच 'साथ' जिंकली. त्यावर हा गृहस्थ शांतपणे म्हणतो की लोकांनी आपल्या भोगाप्रमाणे स्मरण जुळवून घेतलं; उद्या पुन्हा डोरियनांशी युद्ध होऊन दुष्काळ पडला तर ते ओळ तशी म्हणतील.

माझ्या मते या वर्णनातलं खरं विज्ञान वेगळ्याच जागी आहे आणि त्याकडे बघायला आपल्याला वेळ नाही. हॉलाडे आणि पूल यांनी १९७९ मध्ये तिकडे बोट दाखवलं होतं. सर्वांत जास्त वैद्य मेले, कारण रोग्यांशी त्यांचाच जास्त संबंध आला. सेवा करणारे एकमेकांकडून आजार घेऊन मेंढरांसारखे मेले. आणि जे वाचले त्यांना तो पुन्हा झाला नाही, निदान जीवघेणा झाला नाही. म्हणून तेच निर्धास्तपणे इतरांची शुश्रूषा करत. संसर्ग आणि प्रतिकारशक्ती, दोन्ही कल्पना इथे आहेत, आणि त्याही हवा, ऋतू आणि आहार यांत कारणं शोधणाऱ्या हिप्पोक्रेटिसच्या परंपरेच्या ऐन काळात, एका सेनानी-इतिहासकाराच्या लेखणीतून. प्रेतं खाणारे पक्षी दिसेनासे झाले, कुत्रे मेले, हेही तो नोंदवतो. जंतूचं नाव न कळताही ही निरीक्षणं खरीच राहतात.

दातांतून निदान होऊच शकत नाही असा मात्र याचा अर्थ नाही. उलट गिल्बर्ट यांच्याच गटाला २००४ मध्ये युरोपातल्या कबरींतल्या दातांत प्लेगचा जंतू सापडला नव्हता आणि त्यांनी आधीच्या दाव्यांवर शंका घेतली होती. पुढे २०११ मध्ये लंडनच्या १३४८-५० च्या कबरींतून त्याच जंतूचा जवळपास संपूर्ण जिनोम वाचला गेला. शंका रास्त होती, तरी प्लेगचा निष्कर्ष टिकला. फरक पद्धतीने पडला. साल्मोनेलाचंच उदाहरण हवं असेल तर मेक्सिकोच्या ओआहाका भागातलं आहे. १५४५-५० च्या भयंकर साथीतल्या दहा जणांच्या दातांत साल्मोनेला पॅराटायफी सी सापडला, तोही जिनोमच्या पातळीवर. हा निबंध २०१८ चा. त्याच जागी युरोपीय येण्याआधी पुरलेल्यांच्या दातांत तो नव्हता, मातीत नव्हता. एवढं करूनही लेखकांनी लिहिलं की आरएनए विषाणू या पद्धतीत दिसत नाहीत, त्यामुळे एकटा हाच जंतू दोषी होता असं ते म्हणत नाहीत.

ही शेवटची अट अथेन्सला जास्तच लागू पडते. गोवर, इन्फ्लुएन्झा, इबोला हे तिघेही आरएनए विषाणू. दातातल्या डीएनएवर केलेल्या चाचणीत ते दिसणारच नाहीत. गोवराचा विषाणू इतका जुना नाही असं पूर्वी मानलं जाई; बर्लिनमध्ये जपलेल्या १९१२ सालच्या फुप्फुसाच्या नमुन्यावरून २०२० मध्ये नवा हिशोब मांडला गेला आणि त्याचा उगम इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे जाऊ शकतो असं निघालं. म्हणजे यादीतून काढलेला संशयित पुन्हा यादीत.

तेव्हा केरामेइकोसच्या दातांवर नव्या चाचणीची बातमी आली तर मी मथळा सोडून आधी आकृत्या बघेन. किती जणांचे दात तपासले, शेजारच्या मातीतून आणि साथीआधीच्या कबरींतून काय निघालं, आणि वंशवृक्षात तो क्रम नेमका कुठल्या फांदीवर बसला.